फुलदाणी समोर, तरी कागदावर तेच ठरलेलं फूल

टेबलावर फुलदाणी. तिच्यात सहा जरबेरा, लांब देठांचे, एकाने मान टाकलेली, एक पाठमोरा. भोवती बारा मुलं, वय पाच ते आठ. मी सांगते, "समोर दिसतंय तसं काढा." चार मिनिटांत पहिला आवाज येतो, "ताई, झालं!" कागदावर मधे गोल, भोवती पाच गुबगुबीत पाकळ्या, काठीसारखा सरळ देठ आणि देठाला दोन्हीकडे एकेक पान. शेजारच्या कागदावर तेच. त्याच्या शेजारी तेच, फक्त कोपऱ्यात सूर्य जास्तीचा. आता जरबेराला पाकळ्या डझनांनी असतात आणि देठावर पान एकही नसतं.

लहान मुलांना फुलांचं स्थिरचित्र शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल. खरा वैताग पुढे आहे. हे एकदा सुधारलं म्हणून कायमचं जात नाही. आज मुलं खरंच बघून काढायला लागली असं वाटावं, आणि पुढच्या तासाला पाच पाकळ्यांचं ते फूल पुन्हा हजर. काही वर्षं मी या फुलाच्या मागावर आहे. कशाने फरक पडला आणि कशाने अजिबात नाही, ते लिहिते.

आधी निदान

चित्रकलेत बघून काढायचं ते स्थिरचित्र आणि आठवून काढायचं ते स्मरणचित्र. आपण पहिलं सांगतो आणि मूल दुसरं काढतं, एवढाच घोटाळा असतो. खात्री करायची तर मुलं रंगात आली की फुलदाणी हळूच उचलून टेबलाखाली ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दोघांनी मान वर केली. बाकीचे दहाजण काढत राहिले, कारण त्यांना फुलदाणीची गरज कधी पडलीच नव्हती.

दुसरी तपासणी तास संपल्यावरची. सगळे कागद पत्त्यांसारखे पिसायचे आणि एकेक उचलून ओळखायचं, हे काढणारं मूल टेबलाच्या कोणत्या बाजूला बसलं होतं? खिडकीकडून पाठमोरा जरबेरा दिसत होता, दाराकडून मान टाकलेला. चित्रावरून बाजू ओळखता आली, तर मूल बघत होतं. चित्र किती सुबक आहे याच्याशी या तपासणीचा संबंध नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. सुबक चित्राने मी अनेकदा फसले आहे.

मुलं असं का करतात, याचं उत्तर आळस किंवा दुर्लक्ष नाही. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ च्या पुस्तकात मांडलं होतं की एका वयापर्यंत मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, वस्तूबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते काढतं. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून या दोन संशोधकांनी याचा एक सुरेख प्रयोग केला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर कप असा ठेवला की कान मागे लपलेला आणि कपावरचं फुलाचं चित्र मात्र समोर. लहान मुलांचा कल न दिसणारा कान काढण्याकडे आणि समोर दिसणारं फूल गाळण्याकडे होता. मोठ्यांनी फूल काढलं आणि कान सोडला. कान नसलेला कप हा लहानग्यांच्या लेखी कपच नाही.

हे वाचल्यावर माझा अर्धा राग ओसरला. पाच वर्षांच्या मुलासाठी ते ठरलेलं फूल म्हणजे 'फूल' हा शब्दच आहे, फक्त चित्रात लिहिलेला. आपण "फुलं काढा" म्हणालो, त्याने शब्द लिहिला. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाचं ठरलेलं फूल मी मोडायला जात नाही. सहा-सातपासून पुढे मात्र बघायची वाट करून देता येते, आणि ती करून द्यायला हवी, कारण याच वयात "मला चित्र येत नाही" हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येऊ लागतं.

फळ्यावरचं माझं चित्र

सर्वांत मोठी चूक माझीच होती. तास सुरू करताना मी फळ्यावर "असं काढायचं" म्हणून एक फुलदाणी काढून दाखवायचे. मदत म्हणूनच. मग मुलांची नजर टेबलावरून उठून फळ्यावर जायची ती परत यायचीच नाही. साहजिक आहे. फळ्यावरच्या चित्रात सगळे अवघड निर्णय आधीच घेतलेले असतात. गोल फूल सपाट कसं करायचं, कोणता देठ पुढे, किती पाकळ्या पुरे, सगळं सोडवून ठेवलेलं. तयार उत्तर समोर असताना गणित कोण करेल?

फळ्यावर काढणं बंद केलं आणि एका तासात फरक दिसला. दाखवायचंच असेल तर मी साधन दाखवते, चित्र नाही. ब्रश दाबला की पाकळीएवढा ठसा कसा उमटतो, उचलत नेला की टोक कसं निमुळतं होतं, हे रफ कागदावर. आणि बघायचं कसं हे दाखवायचं असेल तर टेबलावर नसलेलं भलतंच फूल घेते, काढताना मोठ्याने बडबडते ("ही पाकळी अर्धी लपलीय, मग मी अर्धीच काढते"), आणि काढून झालं की कागद उलटा करून ठेवते. बडबड मुलांच्या कानात राहते, चित्र समोर राहत नाही.

गेल्या वेळच्या तासातली उत्तम चित्रं भिंतीवर लावून त्याखाली नवा तास घेण्याचाही हाच परिणाम होतो. तो तास होईपर्यंत भिंत कोरी ठेवा.

आधी हातात, मग फुलदाणीत

आता मुख्य उपाय. भरलेली फुलदाणी हा लहान मुलांसाठी फार मोठा घास आहे. सहा फुलं, अकरा पानं, एकमेकांआड गेलेले देठ, काचेतलं पाणी, खाली सावली. नजरेला पकड कुठेच नाही, म्हणून मूल आठवणीतलं सोपं फूल उचलतं. फुलदाणी शेवटी येऊ दे. पहिला तास एक मूल, एक फूल, तेही हातात.

फूल हातात दिल्यावर लगेच पेन्सिल देत नाही. आधी पाच-सात मिनिटं नुसती उलटतपासणी. फूल उलटं करा, मागे काय आहे? पाकळ्या कुठून सुरू होतात? सगळ्या सारख्या लांब आहेत का? कुठली पाकळी कुठलीच्या खाली गेलीय? सगळ्यांत कुरूप पाकळी कोणती? हा शेवटचा प्रश्न मी गमतीत विचारला होता आणि आता तोच सर्वांत उपयोगी वाटतो. कुरूप पाकळी शोधायची तर सगळ्या पाकळ्या बघाव्या लागतात, आणि सापडली की मुलाला ती काढायची असतेच. फाटकी, चुरगळलेली, किड्याने खाल्लेली पाकळी ठरलेल्या फुलात बसत नाही. तिथेच ते फूल मोडतं.

जास्वंद यासाठी फार छान. पाकळ्या मोजून पाच, म्हणजे मुलाच्या ठरलेल्या फुलाशी जुळणारं. पण नीट बघितलं की प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली, अशी पंख्यासारखी फिरत गेलेली. आणि मधून बाहेर आलेला तो लांब दांडा, टोकाशी पाच ठिपके घेऊन. मधल्या गोलाला तिथे जागाच नाही. अडचण इतकीच की जास्वंद सहसा दिवसभरातच मिटते, तेव्हा सकाळचा तास हवा. जरबेरा आणि सूर्यफूल टिकाऊ आणि मोठी. त्यांच्या बाबतीत मुलांना सांगायची गंमत अशी की ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ आहे, आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र फूल. हे सांगितल्यावर मधला भाग नुसता गोल राहत नाही, मुलं भिंग मागतात. गुलाब या वयाला नको. थरांमध्ये हरवतात आणि शेवटी गोगलगाईसारखी गुंडाळी काढून मोकळी होतात.

फूल हाताळायचं असल्यामुळे एक काळजी. कण्हेर आणि धोतरा वर्गात आणूच नका, दोन्ही झाडांचे सगळे भाग विषारी आहेत आणि मुलांची बोटं तोंडात जातात. लिली आणली तर परागकोश आधी कात्रीने कापा. तो पिवळा-नारिंगी डाग कपड्यावरून निघता निघत नाही.

मग काढायचं कसं? एक डोळा मिटून, हवेत बोट धरून फुलाची कड गिरवायची, मुंगी चालते त्या वेगाने. एकदा हवेत, एकदा कोरड्या बोटाने कागदावर, आणि तिसऱ्यांदा खडूने. खोडरबर मी देतच नाही. खोडरबर असला की मूल फुलाकडे कमी आणि स्वतःच्या चुकीकडे जास्त बघतं. पेन्सिलही पहिल्या तासाला बाजूला, कारण पेन्सिल हातात आली की हाताला सवयीची रेघ आठवते. जाड तेलखडू किंवा थेट ब्रश दिला की ती ओळखीची वाट बंद होते.

इतकं करूनही एखादं मूल पाच पाकळ्यांवरच येईल. येऊ दे. त्याला म्हणायचं, "हे तुझं फूल मागच्या बाजूला काढ, हवं तितकं. पुढच्या बाजूला या फुलाचं नाव-गाव." बघ, बघ म्हणत डोक्याशी उभं राहिलं तर मूल फुलाऐवजी आपल्याकडे बघायला लागतं.

फुलदाणीत गेल्यावर

एकेक फूल जमलं की दुसऱ्या तासाला फुलदाणी. इथे नव्या तक्रारी सुरू होतात. कंगव्याच्या दात्यांसारखी फुलं फुलदाणीच्या काठावर ओळीने उभी. एकही फूल दुसऱ्याआड जात नाही. फुलदाणी अधांतरी. आणि सगळं मिळून कागदाच्या तळाशी, चार बोटं उंच.

चित्र तळाशी आणि चिमुकलं येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा काढण्याचा क्रम. मूल फुलदाणीपासून सुरुवात करतं, ती कागदाच्या खालच्या कडेवर ठेवतं आणि मग उरलेल्या आत्मविश्वासात फुलं बसवतं. क्रम उलटा करा. सर्वांत पुढचं, सर्वांत मोठं फूल आधी, कागदाच्या मध्याच्या जरा वर, स्वतःच्या मुठीएवढं. मूठ कागदावर ठेवूनच बघायची. मग शेजारची फुलं, मग देठ खाली आणायचे, आणि देठांना जागा म्हणून शेवटी फुलदाणी. ती कागदाबाहेर गेली तर खुशाल जाऊ दे.

एकाआड एक ही गोष्ट मात्र क्रम बदलून सुटत नाही. मुलाला ठाऊक असतं की मागचं फूल पूर्ण आहे, मग ते अर्धं काढायचं म्हणजे त्याचं नुकसान करणं. एक मुलगा मला रडवेला होऊन म्हणाला होता, "त्याला कापलं तर ते मरेल ना!" यावर काढण्याऐवजी चिकटवणं हा इलाज मला सापडला. फुलं वेगळ्या कागदांवर पूर्ण रंगवायची, कापायची आणि मोठ्या कागदावर मांडायची. आधी मागची, मग पुढची. मागचं फूल खाली पूर्ण शाबूत आहे हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे झाकायला हरकत नसते. दोन-तीनदा असं चिकटवलं की पुढच्या चित्रात रेघ आपोआप दुसऱ्या फुलाच्या कडेशी येऊन थांबायला लागते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची.

अधांतरी फुलदाणीला एकच रेघ पुरते, टेबलाची मागची कड. पण ती फुलदाणीच्या बुडाशी ओढली तर फुलदाणी तारेवर उभी राहिल्यासारखी दिसते. ती बुडाच्या बरीच वर, फुलदाणीच्या मागून गेलेली दिसायला हवी. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल गावी रंगवलेली सूर्यफुलं मुलांना दाखवते ती याचसाठी. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक साधी रेघ, आणि फुलदाणी ठाम बसलेली. (ते चित्र तास संपल्यावर दाखवायचं. आधी दाखवलं तर पुन्हा फळ्याचाच प्रकार.)

फुलदाणीचं तोंड लंबगोल न येता सरळ रेघ किंवा पूर्ण गोल येणं, याकडे या वयात मी बघतसुद्धा नाही.

रंगांचा चिखल

बघून छान काढलेलं चित्र रंगवताना तपकिरी होतं, हे दुःख वेगळंच. कारणं तीन, आणि तिन्ही आपल्या हातातली.

पहिलं, ओल्यावर ओलं. लाल पाकळी ओली असताना शेजारी हिरवं पान आलं की दोन्ही मिळून चिखल होणारच, कारण लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात. पिवळा-जांभळा आणि निळा-नारिंगी यांचंही तेच. मी आता हिरवा रंग पहिल्या अर्ध्या तासात ठेवतच नाही. फक्त पिवळा, लाल आणि पांढरा. या तिघांत काहीही कालवलं तरी फुलाचाच रंग येतो. पाकळ्या वाळल्या की हिरव्याची बाटली बाहेर. तोही एकच हिरवा नको. त्यात थोडा पिवळा आणि थोडा निळा मिसळून दोन-तीन हिरवे करायला लावते, कारण समोरची पानंही एका हिरव्याची नसतात.

दुसरं, पाणी. एकाच भांड्यात सगळे ब्रश बुडाले की दहा मिनिटांत गढूळ. दोन भांडी ठेवा, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी घ्यायचं, मधे जुन्या कपड्याचा तुकडा. मुलं दोन भांड्यांचा नियम विसरतात, म्हणून गढूळ भांड्याला आम्ही 'डबकं' म्हणतो. "डबक्यातून आलास का?" एवढं विचारलं की पुरतं.

तिसरं, कागद आणि घासणं. पातळ ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो, मूल तो ब्रशने घासतं आणि कागदाचा लगदा होतो. जलरंगासाठी ३०० ग्रॅमचा जाड कागद उत्तम. तो नसेल तर पातळ कागदावर जलरंगाचा हट्ट सोडा, पोस्टर कलर घट्ट वापरा किंवा सरळ तेलखडू. बारीक ब्रशही काढून घ्या. बारीक ब्रशने मोठी पाकळी भरायची म्हणजे घासावंच लागतं.

तेलखडूने फुलं दाबून रंगवायची आणि वरून पातळ जलरंगाचा हात फिरवायचा, ही युक्ती सर्वांना माहीत असेल. खडूतलं तेल आणि मेण पाणी धरत नाही, म्हणून फूल तसंच राहतं आणि पार्श्वभूमी भरते. फसते ती दोन कारणांनी. खडू हलका फिरवलेला असतो, किंवा वरचा रंग पोस्टर कलरसारखा दाट असतो आणि सगळं झाकून टाकतो.

"झालं!" आणि इतर आवाज

चार मिनिटांत "झालं!" म्हणणाऱ्या मुलाला "अजून नीट काढ" म्हणून उपयोग नाही, नीट म्हणजे काय ते त्याला कळत नाही. मी जागा बदलायला लावते. "आता पलीकडून तेच फूल काढ." किंवा एकच प्रश्न: "फुलात आहे आणि तुझ्या कागदावर नाही, अशी एक गोष्ट शोध." एक, तीन नाही. एक सापडली की पुढची तो स्वतः शोधतो, आणि नाही शोधली तर त्याचं खरंच झालेलं असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाने वीस मिनिटं फुलाकडे बघितलं तर भरपूर झालं. तासाचा उरलेला वेळ रंग कालवण्यात आणि आवराआवरीत जाऊ दे.

फुलं कोमेजणं ही मोठ्यांची तक्रार, मुलांची नाही. व्हॅन गॉगनेही सूर्यफुलांबद्दल भावाला लिहिलं होतं की फुलं लवकर कोमेजतात म्हणून तो रोज सूर्योदयापासून कामाला लागतो. त्याच्या चित्रात माना टाकलेली, पाकळ्या गळलेली फुलंही आहेतच. मी आठवडाभर तीच फुलदाणी ठेवते. दुसऱ्या तासाला मुलं धावत येऊन बघतात, कुणाचं काय झालं ते. वाकलेला देठ आणि सुरकुतलेली कड ठरलेल्या फुलात कधीच नसते, तेव्हा शिळी फुलं उलट आपल्या बाजूची. फक्त पाणी बदलत राहा, वास सुटतो.

आणि एक आवाज मोठ्यांचा. "थांब, मी दाखवतो," म्हणून मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढणारे पालक. आई असो, बाबा असोत, आजोबा असोत, हेतू चांगलाच असतो. पण त्या एका रेघेनंतर मूल पुढचा तासभर ती रेघ जपत बसतं. सोबत बसायचंच असेल तर त्यांना मी वेगळा कागद आणि वेगळं फूल देते. बहुतेक मोठी माणसं पाच पाकळ्याच काढतात.

तरीही परत आलं तर

येईल. सुट्टीनंतर तर हमखास. ते फूल हाताच्या सवयीत आहे, स्वतःच्या सहीसारखं, आणि सही कुणी विसरत नाही. अशा वेळी मी पुन्हा सगळ्याची सुरुवात करत नाही, फक्त तासाच्या आरंभी पाच मिनिटं फूल हातात देते आणि कुरूप पाकळीचा प्रश्न विचारते. तेवढ्याने बहुतेकदा गाडी रुळावर येते.

तास संपला की कागद पिसून बसायची सवय अजून आहे. परवा बारांपैकी आठ मुलांची बाजू मी बरोबर ओळखली. नवव्या कागदावर मात्र अडले. जरबेराची हिरवी पाठ, देठावरची बारीक लव, सगळं होतं, पण पाठमोरा जरबेरा दिसणाऱ्या खिडकीकडच्या बाजूला ते मूल बसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, माझं लक्ष डबक्याकडे असताना बाईसाहेब टेबलाखालून रांगत पलीकडे जाऊन बघून आल्या होत्या.